मचाणावरून अंतर कसं ओळखायचं: मिशिगनमध्ये धनुष्याने शिकार शिकणाऱ्यांसाठी

मचाणावरून सोडलेला माझा पहिला बाण हरणाच्या एका मादीच्या पाठीवरून गेला आणि पलीकडच्या ओल्या पाचोळ्यात घुसला. मी अंतर धरलं होतं चाळीस यार्ड. ती उधळल्यावर बराच वेळ हात थरथरत होते. ते थांबल्यावर खाली उतरलो आणि बुंध्यापासून ती उभी होती तिथपर्यंत टेप ओढली. सत्तावीस भरले. तेरा यार्डांची चूक, आणि तीही अशा माणसाची, जो सरावाच्या मैदानावर वीस यार्डांवरून सगळे बाण चहाच्या बशीएवढ्या गोलात मारत होता!

मैदानावर अंतराच्या पाट्या असतात, जंगलात नसतात. एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार बंद आहे, त्यामुळे आपल्यापैकी कुणाला हे घरातून शिकायला मिळत नाही. इथे मात्र ऑक्टोबर उजाडला की ऑफिसातला निम्मा फ्लोअर पांढऱ्या शेपटीच्या हरणांबद्दलच बोलतो. मग आपल्यातलाही एखादा ओढला जातो. तुम्ही तसे ओढले गेला असाल तर पुढचं वाचा. मचाण शब्द आपलाच आहे, पण इथलं मचाण म्हणजे झाडाला पट्ट्यांनी आवळलेली लोखंडी खुर्ची आणि पायाखाली जेमतेम दोन पावलं मावतील एवढी जाळी. साधारण वीस फूट उंचीवर.

१. आधी कागदपत्रं आणि सामान

मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर सेफ्टीचा कोर्स करावा लागतो, म्हणजे हे वाचणाऱ्या बहुतेकांना. त्याचं प्रमाणपत्र, ओळखपत्र, बेस लायसन्स (बाकी लायसन्सांच्या आधी घ्यावं लागणारं मूळ लायसन्स) आणि हरणाचं लायसन्स एवढं जवळ हवं. धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर, मग बंदुकवाले येतात, आणि १ डिसेंबरपासून पुन्हा धनुष्य. नियमपुस्तिका दर वर्षी नवीन निघते, तीच बघा. मित्राने सांगितलेला गेल्या वर्षीचा नियम धरून चालू नका. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी हवीच, आणि जखमी हरीण शेजारच्याच्या हद्दीत गेलं तर त्याचीही. सरकारी जमिनीवर मचाणावर नाव-पत्ता किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर लिहावा लागतो आणि झाडात पिळून बसवायच्या पायऱ्या चालत नाहीत.

अंतरासाठी लागणारं सामान असं:

- लेझर रेंजफाइंडर (अंतर मोजणारं हातातलं यंत्र) आणि त्याची जादा बॅटरी
- शंभर फुटी टेप (हार्डवेअरच्या दुकानातली कापडी चालते)
- झाडांना बांधायची रंगीत फीत
- जाड पुठ्ठ्याचा तुकडा आणि पेन्सिल. थंडीत बॉलपेन दगा देतं
- पूर्ण अंगाचा हार्नेस, बुंध्याला बांधायची लाइफलाइन आणि धनुष्य वर ओढायला दोरी

शेवटच्या ओळीचा अंतराशी काय संबंध, असं वाटेल. आहे. पडायची धास्ती असलेला माणूस झाडाला चिकटून उभा राहतो, कमरेत वाकत नाही, आणि त्याचा बाण वर जातो. हार्नेस जमिनीवर असतानाच लाइफलाइनला अडकवा, शेवटच्या पायरीवर पोचल्यावर नव्हे. धनुष्य हातात घेऊन चढू नका.

२. किती चुकलं तर बाण किती चुकतो, हे आधी ठरवा

माझ्या कम्पाउंड (टोकांना चाकं असलेल्या) धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण २७० फूट जातो. हा काही रॉकेट नव्हे. वीस यार्डांवर पोचायला त्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो, तीसला सेकंदाचा तिसरा हिस्सा, आणि या सगळ्या वेळात तो खाली पडत असतो. अंतर पाच यार्डांनी कमी धरलं तर काय होतं ते बघा:

- वीस समजलात आणि होते पंचवीस: बाण दोनेक इंच खाली
- तीस समजलात आणि होते पस्तीस: साडेतीन इंच खाली
- चाळीस समजलात आणि होते पंचेचाळीस: जवळपास पाच इंच खाली

हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग आठ ते दहा इंच व्यासाचा धरतात. म्हणजे मधोमध नेम धरला तरी वर-खाली हाताशी चारच इंच, आणि त्यातले दोन तुमच्या थरथरणाऱ्या हाताने आधीच खाल्लेले. वीस यार्डांवर पाच यार्डांची चूक खपते, चाळीसवर खपत नाही. तुमचं धनुष्य हळू असेल, लाकडी रिकर्व्ह (चाकं नसलेलं साधं धनुष्य) असेल, तर हे आकडे आणखी वाईट होतात. माझी मर्यादा मी तीस यार्डांवर ठेवली आहे. मैदानावर पन्नासवरून लागतं, लागू दे.

३. कर्ण आणि पाया: शाळेतलं गणित एकदाच करून टाका

इथे नव्या माणसाला सगळ्यात जास्त घाबरवलं जातं. वरून खाली मारताना बाण उंच जातो, म्हणून खाली धरा, हे वाक्य तुम्हाला प्रत्येक दुकानात ऐकायला मिळेल. खोटं नाही, पण आकडे न सांगता ते सांगणं म्हणजे मीठ किती ते न सांगता पाककृती देणं.

काटकोन त्रिकोण आठवा. झाड म्हणजे लंब, जमीन म्हणजे पाया, तुमच्या डोळ्यापासून हरणापर्यंतची तिरपी रेघ म्हणजे कर्ण. गुरुत्वाकर्षणाला कर्णाशी घेणं-देणं नाही. बाण किती पडणार ते पायाच्या लांबीवर ठरतं. म्हणून पिन (धनुष्याच्या साइटमधला, ठरावीक अंतरासाठी लावलेला नेमाचा ठिपका) निवडायची ती पायाची, म्हणजे आडव्या अंतराची.

आता आकडे घालू. वीस फुटांवर मचाण, उभं राहिल्यावर डोळे पंचवीस फुटांवर, हरणाची छाती जमिनीपासून तीनेक फूट. फरक बावीस फूट, म्हणजे सव्वासात यार्ड. तिरपं अंतर तीस असेल तर आडवं एकोणतीस. तिरपं वीस तर आडवं साडेअठरा. तिरपं दहा तर आडवं सातच्या आत.

बघा तरी! सपाट जमिनीवर वीस-तीस यार्डांमध्ये फरक फार तर दीड यार्डाचा. माझ्या धनुष्यावर तो अर्धा इंचही भरत नाही. दहा यार्डांवर फरक मोठा दिसतो, पण इतक्या जवळ वीसची पिनच इंचाच्या आत मारते. मग लोकांचे बाण उंच का जातात? बहुतेक वेळा अंतर जास्त धरल्यामुळे किंवा नीट न वाकल्यामुळे. मी स्वतः तेरा यार्ड चुकलो होतो आणि दोन आठवडे कोनाला शिव्या देत फिरत होतो.

एक अपवाद मात्र खरा आहे. तुमचं झाड ओहोळाच्या काठावर असेल आणि हरीण खाली घळीत असेल, तर उंची वीस फुटांची उरत नाही. समजा ते तुमच्या डोळ्यापेक्षा साठ फूट, म्हणजे वीस यार्ड, खाली आहे आणि तिरपं अंतर चाळीस भरतंय. आडवं अंतर साडेचौतीस! तिथे चाळीसची पिन लावली तर बाण चारेक इंच वर जातो. उतारावर बसणाऱ्याने हे गणित करायलाच हवं.

४. यंत्र घ्या, पण त्याच्या खोड्या ओळखा

कोन धरून आडवं अंतर दाखवणारे रेंजफाइंडर आता सर्रास मिळतात. बुशनेल त्याला एआरसी म्हणतं, व्होर्टेक्स एचसीडी, ल्युपोल्ड टीबीआर. सपाट जमिनीवर बसणार असाल तर साधं यंत्रही पुरतं. ओहोळ-टेकड्यांच्या भागात असाल तर कोनवालं घ्या.

खोड्या तीन.

पहिली आपल्या लोकांसाठी खास: यंत्र मीटरवर असणं. बटण चुकून दाबलं जातं, कोपऱ्यात वायच्या जागी एम उमटतो, आणि मीटरमध्येच वाढलेल्या आपल्या डोळ्याला ते खटकत नाही. चाळीस मीटर म्हणजे पावणेचव्वेचाळीस यार्ड. माझ्या एका मित्राने अख्खा सप्टेंबर असाच काढला आणि पिना पुन्हा पुन्हा सरकवत बसला.

दुसरी, लेझर सगळ्यात जवळच्या वस्तूवरून परततो. मध्ये ओकचं एक पान हललं तरी यंत्र अकरा दाखवतं. धुक्यात आणि पावसात तर विचारूच नका. आकडा मनाला पटला नाही तर दोनदा मोजा, आणि पानांमागचं लक्ष्य पकडायची सोय यंत्रात असेल तर ती आधीच लावून ठेवा.

तिसरी, काळ्या अंकांचा पडदा. नेमकी हरणं फिरतात त्या संध्याकाळच्या वेळी तो वाचता येत नाही. दुकानातल्या झगझगाटात हे कळत नाही, तेव्हा घेण्याआधी यंत्र अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन बघा.

५. खुणा पेरा

माझं ऐकून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. हरीण आल्यावर अंतर मोजायचं नसतं. ते येण्याआधी मोजून ठेवायचं असतं.

हंगामाच्या आधी एक दुपार काढा. मचाणात चढा, बसा, हार्नेस लावा. आता रेंजफाइंडर खाली जमिनीकडे नेऊ नका. समोर, आपल्या डोळ्याच्या उंचीवर, झाडांच्या बुंध्यांवर धरा. तुम्ही वीस फुटांवर आहात आणि समोरच्या मॅपलचा बुंधाही तिथे वीस फुटांवर आहे, म्हणजे रेघ आडवी. यंत्र जो आकडा सांगेल तोच पाया. त्या मॅपलच्या मुळाशी हरीण उभं राहिलं की ना कर्ण, ना वर्गमूळ, तोच आकडा. उतारावरसुद्धा हे चालतं, झाड तेवढं उंच असलं म्हणजे झालं. ही युक्ती मला शेजारच्या म्हाताऱ्याने शिकवली. तो माणूस आजही रेंजफाइंडर घरी विसरून जातो आणि त्याचं काही अडत नाही.

झाडं नसतील तिथे टेप. बुंध्यापासून चार-पाच दिशांना टेप ओढा आणि वीस व तीस यार्डांवर काहीतरी ठेवा: पडकी फांदी, दगड, झुडपाला फितीचा इवलासा तुकडा. फीत गुडघ्याच्या खाली बांधा, गुढी उभारल्यासारखी नको. सरकारी जमिनीवर हंगाम संपला की ती काढून आणा.

आता पुठ्ठा घ्या. मधे स्वतःचा ठिपका, भोवती वीस आणि तीसची वर्तुळं, आणि त्यांवर खुणा. माझ्या एका पुठ्ठ्यावर असं लिहिलंय: जुळं बीचचं झाड १८, पडका लॉग २२, पायवाट ओढ्याला मिळते तिथे २६, तारेचा तिसरा खांब ३१, त्यापुढे नाही. हे शेवटचे दोन शब्द लाल पेन्सिलने. वर्तुळाच्या बाहेरचं हरीण फक्त बघायचं. पुठ्ठा मचाणाच्या पट्टीत खोचून ठेवतो आणि दर वेळी चढल्यावर पाढ्यासारखा मनात म्हणतो.

पानगळीनंतर जंगल वेगळंच दिसतं. १ ऑक्टोबरला झुडपाने झाकलेला लॉग नोव्हेंबरात उघडा पडतो आणि जवळ आल्यासारखा वाटतो. महिन्याने पुठ्ठा एकदा तपासा.

६. डोळा तयार करा

यंत्र असताना डोळा कशाला? कारण हरीण खुणेवरच उभं राहील असा करार त्याने केलेला नसतो.

सुदैवाने आपल्याकडे एक माप रक्तात भिनलेलं आहे. क्रिकेटची खेळपट्टी स्टंपपासून स्टंपपर्यंत बावीस यार्ड, आणि क्रीजपासून क्रीजपर्यंत एकोणीसच्या थोडं वर. म्हणजे फलंदाजाने धावायचं अंतर जवळजवळ तुमच्या वीसच्या पिनएवढं. मी जमिनीकडे बघतो आणि स्वतःला विचारतो, इथे एक रन निघेल का? तीस यार्ड म्हणजे फलंदाजापासून आतल्या वर्तुळाची रेघ. आणि हे कुणी हसण्यावारी नेलं तर नेऊ दे, पण वार म्हणजेच यार्ड. आईला फोनवर सांगितलं की दोन नऊवारी टोकाला टोक जोडून पसरल्या तेवढ्या अंतरावरून मारतो, तर ती म्हणाली, "अरे, एवढ्या जवळ येतं ते? मग ते तुला बघत नाही का?" प्रश्न बिनतोड होता.

रोज फिरायला जाताना एखादा मेलबॉक्स, एखादी गाडी निवडा. आधी आकडा मोठ्याने बोला, मग मोजा. मोठ्याने यासाठी, की मनातला आकडा उत्तर कळल्यावर गुपचूप सरकतो. दोन-तीन आठवड्यांत वीसच्या आसपास चूक एक-दोन यार्डांवर येते.

डोळा कुठे फसतो तेही लक्षात ठेवा. अंधुक उजेडात, किंवा हरणाचा फक्त एखादा भाग झाडीतून दिसत असताना, ते लांब वाटतं. लहान चणीची मादीही लांब वाटते, कारण मनात मैदानावरच्या रबरी नराचा आकार बसलेला असतो. माझ्या सत्तावीसचे चाळीस झाले ते असेच. संध्याकाळ, झाडी आणि छोटी मादी, तिन्ही एकदम. उलट, लख्ख उन्हात, ताज्या बर्फावर, किंवा मधली घळ नजरेआड असेल तेव्हा लांबचं जवळ दिसतं.

७. उंचावरून सराव: हात नव्हे, कंबर

अंतर अचूक ओळखूनही बाण वर जाऊ शकतो. खाली मारताना नवा माणूस धनुष्याचा हात खाली नेतो. मग ओढलेल्या दोरीची हनुवटीजवळची जागा बदलते, पीपमधून (दोरीत बसवलेल्या, नेम धरायच्या छिद्रातून) दिसणारं वर्तुळ सरकतं, आणि पिना लावल्या होत्या ते सगळं गणित मोडतं. आधी आडवं, समोर बघून धनुष्य ओढा. जबड्याशी हात टेकवा. मग कमरेतून वाका, वरचं धड जसंच्या तसं ठेवून, देवाला वाकून नमस्कार करताना मान आणि पाठ एकत्र जातात तसं. हार्नेसची दोरी ताणू द्या, तिच्यावर भार टाका.

काही सरकारी रेंजवर यासाठी उंच चौथरा असतो. नसेल तर स्वतःच्या मचाणाखाली रबरी हरीण ठेवून दहा, वीस आणि तीसवर मारा, आणि तेही जाड जॅकेट घालून. जुलैत टी-शर्टवर केलेला सराव नोव्हेंबरात दोरी बाहीला घासली की वाया जातो.

८. प्रत्यक्ष क्षणी

हरीण दिसलं की क्रम असा: ते कुठल्या खुणेजवळून जाणार ते ओळखा, त्या खुणेचा आकडा मनात म्हणा, पिन ठरवा, त्याचं डोकं झाडाआड गेलं की ओढा. ओढल्यावर आकडा बदलू नका. ते सरकलं आणि नवीन अंतर ठाऊक नसेल तर बाण न मारता दोरी सावकाश परत सोडा. मी एका हंगामात चार वेळा परत सोडली आहे, आणि त्यातली एकही संध्याकाळ वाया गेली असं वाटत नाही.

या वेळी मारायचंच नाही:

- हरीण थेट तुमच्या खाली आहे. अंतर शून्य, पण वरून एकच फुप्फुस बाणाच्या वाटेत येतं. वीस फुटांवरून तिरप्या दहा यार्डांवरचा कोनसुद्धा पंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त असतो. तेव्हा इतक्या जवळच्या हरणावर मारताना बाण कुठे शिरतो यापेक्षा तो पलीकडून कुठे बाहेर पडेल ते बघून नेम धरा.
- हरीण सावध आहे, कान तुमच्याकडे. दोरीचा आवाज बाणाच्या चौपट वेगाने जातो. तीस यार्डांवर आवाज पोचल्यानंतर बाण पोचायला साधारण पाव सेकंद उरतो, तेवढ्यात ते उडी घ्यायला खाली दबतं आणि तुमचं अचूक अंतर निरुपयोगी होतं.
- आकडा माहीत नाही. "असेल पंचवीसेक" हा आकडा नव्हे.

९. बाण सुटल्यावरचं अंतर

हे कुणी सांगत नाही म्हणून थोडं सविस्तर. बाण लागला की लगेच उतरू नका. वरूनच रेंजफाइंडरने दोन जागा मोजा: हरीण उभं होतं ती, आणि शेवटचं दिसलं ती. दोन्ही अंतरं आणि फोनच्या होकायंत्रावरची दिशा पुठ्ठ्यावर लिहा. खाली उतरलात की जंगल ओळखू येत नाही. वरून स्पष्ट दिसणारी पायवाट खाली पानांच्या ढिगात हरवते, आणि ज्या झुडपाजवळ ते उभं होतं तशी पंधरा झुडपं समोर असतात.

किमान अर्धा तास थांबा. पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास. मग पहिल्या जागेपर्यंत जा, मचाणाकडे वळून तुमच्या रिकाम्या खुर्चीवर रेंजफाइंडर धरा. वरून लिहिलेला आकडा आणि हा आकडा जुळला तर तुम्ही योग्य झुडपाजवळ उभे आहात. आता खाली बघा, बाण आणि रक्त शोधा. हरीण हाती लागलं की त्याला लायसन्सचा टॅग लावा, आणि बहात्तर तासांच्या आत राज्याच्या संकेतस्थळावर नोंद करा.